अरबी दूरचित्रवाणीवरील इंग्रजी : पार्श्वभूमी

अरबी वाहिन्यांवरील निवेदक एकाच वाक्यात अरबी आणि इंग्रजी वापरतात, ही तक्रार उपग्रह वाहिन्यांच्या काळात वाढली असली, तरी आखाती प्रदेशात या दोन भाषा दूरचित्रवाणीवर पहिल्यापासून शेजारी नांदत होत्या. सौदी अरेबियातील धहरान येथे एका तेल कंपनीने १९५७ मध्ये सुरू केलेल्या केंद्रावर अमेरिकी चित्रपट अरबी आवाजात दाखवले जात आणि त्यांचे मूळ इंग्रजी संवाद त्याच वेळी रेडिओवरून ऐकता येत. सरकारी दूरचित्रवाणीनेही १९८३ मध्ये इंग्रजीसाठी वेगळी दुसरी वाहिनी काढली, म्हणजे दोन्ही भाषांना जागा मिळाली, पण सरमिसळ टळली.

ही वाटणी मोडली ती १९९१ मध्ये लंडनहून पहिली खासगी अरबी उपग्रह वाहिनी सुरू झाल्यानंतर. मोरोक्कोपासून ओमानपर्यंतचा प्रेक्षक एकाच पडद्यासमोर आल्यामुळे भाषा कोणती ठेवायची, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. बातम्यांसाठी फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी, कायम राहिली. गप्पा, स्पर्धा आणि गाण्यांच्या कार्यक्रमांत मात्र बोलीला मोकळीक मिळाली. पुढचा सारा वाद या निर्णयाभोवती फिरतो. टीकाकार इंग्रजीलाच दोषी धरतात. पण फुस्हा लिहून वाचली जाते आणि बोली उत्स्फूर्त असते, त्यामुळे बैरुत किंवा दुबईचा सुशिक्षित तरुण घरी जसा बोलतो तसाच, इंग्रजी शब्दांसकट, पडद्यावर बोलू लागणार, हे बोलीला दार उघडतानाच ठरून गेले होते. बैरुतमध्ये तर १९५९ पासून अरबीसोबत फ्रेंच प्रसारणही होते, त्यामुळे तेथील निवेदकांना मिश्र बोलण्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते, आणि मनोरंजनाच्या कार्यक्रमांवर त्यांचाच ठसा अधिक उमटला.

इंग्रजी चित्रपटांची चोवीस तासांची वाहिनी २००३ मध्ये, तर दोहाहून इंग्रजी वृत्तवाहिनी २००६ मध्ये आली. वाहिन्या पुन्हा भाषेनुसार वेगळ्या झाल्या, तरी अरबी कार्यक्रमांतील मिश्रण कमी झाले नाही. इथली विसंगती गंभीर आहे : इंग्रजी चित्रपटाला प्रमाण अरबीत उपशीर्षके मिळतात, परंतु चर्चेतील पाहुणा अर्धे वाक्य इंग्रजीत बोलला, तर सहसा त्याला उपशीर्षक दिले जात नाही, आणि इंग्रजी न शिकलेला अरब प्रेक्षक स्वतःच्याच भाषेतील कार्यक्रमात अर्थाला मुकतो.