कलमी काजू म्हणजे संकरित काजू नव्हे

पाऊस सुरू झाला की खानापूर-जांबोटीकडे काजूच्या कलमांची चौकशी सुरू होते, आणि त्याबरोबर एक गैरसमजही हमखास ऐकू येतो: "हायब्रिड आहे हो, दोन झाडांचं रक्त एकत्र केलंय." हे साफ चूक आहे. संकर फुलात होतो, एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर पडला की. कलमात खालचा खुंट, म्हणजे मुळासकटचं रोप, गावठीच राहतो; वर जोडलेली काडी, म्हणजे हव्या त्या झाडाची डहाळी, आपल्या मूळ झाडाचीच राहते. एकाच खोडात दोन झाडं जन्मभर नांदतात.

वेंगुर्ला-४ ही जात मुळात संकरातून काढलेली, हे खरं. पण तिची बी पेरली तर रोप तसंच निघेल याचा भरवसा नाही, कारण कीटक शेजारच्या झाडांचाही पराग आणतात. हुबेहूब तेच झाड हवं तर कलमच बांधायला हवं.

जोड जमतो कसा, हे मला फार विलक्षण वाटतं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये सतत विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो, कँबियम. तो आत पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या घडवतो, बाहेर अन्नरस नेणाऱ्या. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर देतात, पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळतात. जखमेच्या दोन्ही कडांतून मऊ पेशींचा पुंजका वाढतो, फट भरतो. त्यातल्याच काही पेशी कँबियम बनून खालचा थर वरच्याला जोडतात, मग नव्या वाहिन्या तयार होतात. तोवर काडीला पाणी जवळपास मिळतच नाही. म्हणून तिची पानं आधीच काढतात, वर प्लॅस्टिकची टोपी घालतात. काडी खुंटाएवढीच जाड घ्यायची तीही थराला थर भिडावा म्हणून. नारळात असा थरच नाही, त्यामुळे त्याचं कलम होत नाही. तिथी-नक्षत्राचा इथे काही संबंध नाही; ताजी काडी आणि धारदार, स्वच्छ सुरी लागते.

काडी फळत्या झाडाची असल्याने हातभर रोपालाही मोहोर येतो. "पहिल्याच वर्षी बी" म्हणून तो दाखवला जातो, पण मुळं अजून कोवळी असतात. पहिली दोन वर्षं मोहोर खुडावा, उत्पन्न तिसऱ्यापासून धरावं.

मोठी बी हवी तर वेंगुर्ला-७ घ्यावी, सुमारे १० ग्रॅमची; वेंगुर्ला-४ ची ७ ते ८ ग्रॅम भरते. अंतर ७ मीटर ठेवावं, पाणी साचणारी जागा टाळावी. लावताना जोड मातीच्या वर राहू द्यावा. जोडाखालून फुटलेला प्रत्येक फुटवा गावठी खुंटाचा असतो, तो लगेच काढावा. जोड पक्का झाला की पट्टीही कापून टाकावी, नाहीतर खोड जाड होताना ती सालीत रुतते.