गिटारचा आवाज पाठीच्या लाकडात नसतो

हाताने गिटार बनवायला शिकणाऱ्याच्या कानावर एक गोष्ट हमखास पडते: पाठ आणि बाजू ब्राझिलियन रोझवूडच्या नसतील तर खरा आवाज निघणारच नाही. मग पहिल्याच गिटारसाठी ऐपतीबाहेरचं लाकूड घेतलं जातं. वाईट वाटतं, कारण या समजाला उत्तर १८६२ सालीच मिळालं होतं.

स्पेनचा थोर कारागीर अंतोनियो दे तोर्रेस यानं त्या वर्षी पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. वरची, तारांखालची फळी मात्र नेहमीची, स्प्रूस या हलक्या लाकडाची. गिटार वाजली, आणि छान वाजली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तार थरथरते, तारा जिला बांधलेल्या असतात त्या ब्रिज नावाच्या पट्टीतून ती थरथर वरच्या फळीत उतरते आणि हवा मुख्यतः तीच फळी हलवते. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची! ती कुठे किती तासायची, आतून पट्ट्या कशा बसवायच्या, हे हाताला कळायला वर्षं लागतात. खरं शिक्षण ते.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पाठ-बाजूंचं लाकूड तेवढं वेगळं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना अंधुक उजेडात, काळे चष्मे घालून वाजवायला दिल्या. ब्राझिलियन रोझवूड असो की स्वस्त लाकूड, आवाजाला गुण जवळपास सारखेच पडले.

रोझवूड सुंदर दिसतं, हे मान्यच. आपल्या सह्याद्रीतली शिसवही त्याच कुळातली, आणि जगभरच्या गिटारींत वापरली जाते. पण नवशिक्यानं पैसे आधी चांगल्या स्प्रूसवर आणि धारदार रंध्यावर घालावेत.