लातूरची पाण्याची रेल्वे : तिची बातमी आणि तिच्या बातम्यांवरचा शोधनिबंध

पत्रकारितेच्या पदवी वर्गातली मुलं परिषदेत पेपर वाचायला उभी राहतात, तेव्हा त्यांच्या हातात बरेचदा शोधनिबंध नसतो, लांबलेली बातमी असते. विषय जिव्हाळ्याचा असतो, मेहनत खरी असते, भाषा स्वच्छ असते. तरी सत्राध्यक्ष विचारतात, "तुमचा संशोधन प्रश्न काय होता?" आणि पोरं गोंधळतात. कारण वर्गात तीन वर्षं त्यांना बातमी शिकवलेली असते, आणि परिषदेच्या आधी पंधरवड्यात कुणीतरी सांगितलेलं असतं, "त्या स्टोरीचाच पेपर करून टाका."

हा गोंधळ आता परवडणारा नाही. यूजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्याप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतो, आणि त्यात 12 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प असतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन महोत्सवातही पदवीच्या मुलांचा वेगळा गट आहे. म्हणजे छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, दोन्ही विद्यापीठांच्या परिसरातल्या बी.ए.च्या मुलांना संशोधन सादर करण्याची वेळ येणारच.

एकच विषय दोन्हीकडून पाहू. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे 12 एप्रिल 2016 ला पहाटे लातूरला पोहोचली. 10 वाघिणी, एकेकीत सुमारे 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर पाणी. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं होतं. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात कलम 144 लावावं लागलं होतं.

बातमीदार स्टेशनवर जातो. गाडी किती वाजता आली, पाणी किती, ते उतरवून कुठं नेलं, कोण हजर होतं, रांगेतल्या बाया काय म्हणाल्या. त्याला घडलेलं सांगायचं आहे आणि आजच सांगायचं आहे. उद्या त्या बातमीला किंमत नाही.

संशोधन करणारी विद्यार्थिनी स्टेशनवर जातच नाही. ती जिल्हा ग्रंथालयात नाहीतर वर्तमानपत्राच्या कचेरीत जुन्या फायली काढून बसते. तिचा प्रश्न गाडीचा नाही, गाडीवर छापलेल्या मजकुराचा आहे. उदाहरणार्थ : एप्रिल आणि मे 2016 मध्ये लातूरच्या पाण्यावर आलेल्या बातम्यांत बोलतं कोण? नागरिक, अधिकारी की पुढारी? किंवा, टंचाईचं कारण किती बातम्यांत येतं? उसाखालचं क्षेत्र, भूजलाचा उपसा, धरणातल्या पाण्याचं वाटप यातलं काही येतं, की नुसती गाडी येते आणि गाडी जाते? शांतो अय्यंगार यांनी 1991 मध्ये अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी बातम्यांवर लिहिताना घटनेपुरती बातमी आणि प्रश्नाच्या मुळाशी जाणारी बातमी असा फरक केला होता. तो लातूरच्या फायलीला लावून पाहता येतो. पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल, पुरे करता येईल आणि कुणीतरी ऐकून घेईल असा हा प्रश्न आहे.

याउलट 'मराठवाड्यातील दुष्काळ आणि माध्यमांची भूमिका : एक अभ्यास' हे शीर्षक घ्या. अशी शीर्षकं दर परिषदेत चार-पाच तरी असतात. कोणता दुष्काळ, कोणती माध्यमं, किती काळ, आणि भूमिका मोजायची कशी? अशा शीर्षकाखाली फक्त मतच लिहिता येतं. मत मांडायला अग्रलेखाची जागा आहे, आणि ती चांगली जागा आहे. परिषदेत ते चालत नाही.

पुढचा फरक निवडीचा. बातमीदार रांगेतल्या पन्नास जणांशी बोलतो आणि जिचं वाक्य काळजाला भिडतं तिचा कोट घेतो. त्यात काही चूक नाही, उलट तेच त्याचं कसब. संशोधनात हीच गोष्ट दोष ठरते. तुम्ही दहा कात्रणं दाखवली, तर ऐकणारा विचारणार, हीच दहा का? म्हणून आधी चौकट ठरवायची : लातूरचं 'एकमत' आणि एखादं राज्यभर निघणारं दैनिक, 1 एप्रिल ते 31 मे 2016, दिवस 61, सुट्टीमुळे न निघालेले अंक वगळून सगळे अंक, पाण्यावरची प्रत्येक बातमी. आवडलेली आणि न आवडलेली, दोन्ही.

इथं एक खाच आहे, ती मुलांच्या नजरेतून हमखास सुटते. आपल्याकडच्या मोठ्या दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या निघतात. लातूर आवृत्तीत पहिल्या पानावर असलेली बातमी मुंबई आवृत्तीत आतल्या पानावर एका कॉलमची होऊ शकते, किंवा नसतेच. मग ई-पेपरवर कोणती आवृत्ती उघडली ते शोधनिबंधात लिहिलंच पाहिजे. बातमीला याची गरज नसते, शोधनिबंध याशिवाय लंगडा. आणि अभ्यास अख्ख्या वर्षाचा असेल, तर सगळे अंक वाचण्याची गरज नाही. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात वार जमवून एक आठवडा बांधायचा. रविवारच्या पुरवणीमुळे किंवा एखाद्या रोडावलेल्या वारामुळे चित्र बिघडू नये म्हणून ही युक्ती. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे, म्हणजे 14 अंक पुरतात, असं रिफ, ऑस्ट आणि लेसी यांनी 1993 मध्ये दाखवलं.

आता जिथं खरं काम होतं तिथं येऊ : कोडिंग शीट, म्हणजे प्रत्येक बातमीची ठरलेल्या खान्यांत नोंद करायचा तक्ता. एका बाजूला बातमीचा क्रमांक, तारीख, पान, किती कॉलम, फोटो आहे की नाही. दुसऱ्या बाजूला मुख्य विषयाचे खाने. टंचाई, प्रशासन, राजकारण, शेती, आरोग्य. समजा बातमी आहे, 'पालकमंत्र्यांच्या आदेशानंतर तालुक्यात वाढीव टँकर'. वर्गात लगेच आवाज येतो, "सर, ही प्रशासनात टाकायची का राजकारणात?" एक म्हणतो टँकर मंजूर झालेत, प्रशासन. दुसरी म्हणते, अहो, मथळ्यात मंत्री आहेत, राजकारण. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच नियम लागतो : पहिल्या परिच्छेदातली मुख्य कृती कोणाची, त्यावर खाना ठरेल. नियम ठरला की तो वहीत लिहायचा आणि आधीच्या सगळ्या बातम्या त्या नियमाने पुन्हा तपासायच्या. हे कंटाळवाणं आहे. पण माझ्या मते पदवीच्या वयात संशोधन शिकायचं ते इथंच, या वादात.

मग दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न विचारता त्याच 40 बातम्यांना खाने द्यायचे. 34 जुळल्या तर 85 टक्के. ऐकायला छान. पण काही खाने तर डोळे मिटून दिले तरी जुळले असते. तो योगायोगाचा वाटा वजा करायला जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये 'कप्पा' (ग्रीक अक्षर kappa) हे माप दिलं. योगायोगाने निम्म्या जुळल्या असत्या असं धरलं, तर आपले 85 टक्के कप्पात 0.70 होतात. साधारण अपेक्षा 0.80 च्या आसपासची असते. म्हणजे परत बसायचं, नियम घासूनपुसून घ्यायचे आणि नवा गठ्ठा काढायचा. बातमीत या पडताळणीची जागा डेस्कवरचा उपसंपादक घेतो. तो विचारतो, "आकडा कुणी दिला?" संशोधनात प्रश्न असतो, "दुसऱ्या कुणी मोजलं तर हाच आकडा येईल का?"

इतकं झाल्यावर मुलं शेवटच्या स्लाइडवर लिहितात, 'माध्यमांमुळे जनजागृती झाली.' हे वाक्य आधी काढा. तुम्ही छापलेलं मोजलं, वाचणाऱ्याला विचारलंच नाही. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी 1968 च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी तिथल्या चॅपल हिल या गावात अजून मत न ठरवलेल्या 100 मतदारांना विचारलं, त्यांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, आणि त्याच काळातल्या बातम्यांचा भर त्याच्याशी ताडून पाहिला. दोन्ही बाजू होत्या म्हणून 1972 मध्ये विषयपत्रिका-निश्चितीचा (अजेंडा-सेटिंग), म्हणजे बातम्या ज्यावर भर देतात ते लोकांना महत्त्वाचं वाटतं, हा सिद्धांत मांडता आला. आणि तेव्हाही दोन गोष्टी सोबत चालतात एवढंच दिसलं होतं. एकीमुळे दुसरी घडते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. नुसत्या कात्रणांवरून परिणामाबद्दल एक ओळही लिहिता येत नाही.

नावांच्या बाबतीत तर दोघांची रीत एकदम उलट. बातमीत नाव, गाव, वय असल्याशिवाय डेस्क मजकूर उचलत नाही. नाव लपवणं हा अपवाद, त्याला कारण लागतं. बलात्कार पीडितेच्या बाबतीत तर कायद्याचीच बंदी आहे. संशोधनात नाव न देणं हा नियम. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये देशभर गाजला. समजा तुमचा अभ्यास आहे की या बायांपर्यंत आरोग्याची माहिती कुठून पोहोचते : मोबाइल, आशाताई, मुकादम की कोणीच नाही. मग 'धारूर तालुक्यातली अमुक गावची, तीन मुलांची आई' एवढं लिहिलं तरी गावात कुणाला ओळखायला वेळ लागत नाही. तिच्या उचलीचा हिशेब मुकादमाकडे असतो, तिच्या बोलण्याची किंमत तिलाच मोजावी लागेल. म्हणून 'सहभागी 7' लिहायचं, गाव गाळायचं, आणि आधी तिला तिच्या भाषेत सांगायचं : "मावशी, हे पेपरात येणार नाही, कॉलेजच्या अभ्यासासाठी आहे, नको वाटलं तर मधेच थांबा." बातमीसाठी घेतलेली मुलाखत नंतर संशोधनात वापरायची असेल, तर परवानगी नव्याने घ्यावी लागते. तिने तेव्हा होकार दिला होता तो छापण्यासाठी.

व्यासपीठावर मात्र बातमीचं शिक्षण कामाला येतं, आणि मुलं नेमकं तिथंच ते विसरतात. दहा मिनिटं मिळतात. त्यातली सहा निजामाच्या काळापासूनच्या दुष्काळाच्या इतिहासात जातात आणि निष्कर्षाच्या वेळी घंटी वाजते. इंट्रो, म्हणजे सगळं सार सांगणारा बातमीचा पहिला परिच्छेद, लिहिता येणाऱ्यांनी असं का करावं? पहिल्या मिनिटाला प्रश्न सांगा आणि काय सापडलं ते सांगा, मग कसं शोधलं त्यावर पाच मिनिटं द्या. पार्श्वभूमीला एक स्लाइड खूप झाली. सारांशही असाच : प्रश्न, नमुना, पद्धत, मुख्य आकडा. सारांशात दुष्यंतकुमारांचा शेर नको.

प्रश्नोत्तरांत बातमीदार आपला स्रोत झाकतो, ते त्याचं कर्तव्यच आहे. संशोधकाला मात्र सहभागींची नावं सोडून आपली सगळी पद्धत उघडी ठेवावी लागते. "दोनच दैनिकं का?" याला "दोन महिन्यांत दोघांना एवढंच वाचता आलं, म्हणून हा निष्कर्ष या दोन दैनिकांपुरताच आहे" हे पूर्ण आणि आदराचं उत्तर आहे. कोरी आणि भरलेली अशा कोडिंग शीटच्या दोन प्रती सोबत न्या, विचारणाऱ्याच्या हातात द्या.

परिषद झाल्यावर त्याच अभ्यासाची बातमी करायची असेल तर जरूर करा. फक्त 'माध्यमांनी नागरिकांना डावललं' असा मथळा देऊ नका. दोन दैनिकं, 61 दिवस आणि किती बातम्या, हे तिन्ही पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.