अपग्रेड-लॉग संकलन

सर्व्हरवरील सॉफ्टवेअरचे अपग्रेड मध्येच थांबले किंवा मागे फिरले, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी त्या वेळच्या लॉग फाइली (सॉफ्टवेअरने आपोआप लिहिलेल्या घडामोडींच्या नोंदी) सुरक्षित जागी काढून ठेवण्याची पद्धत. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या सीमाभागात ती साखर कारखाने, पतसंस्था आणि शाळा-महाविद्यालयांच्या सर्व्हरांसाठी विशेष उपयोगी आहे. कारखान्याच्या सर्व्हरचे मोठे अपग्रेड गाळप हंगाम संपल्यावरच घ्यावे.

लॉग हाती येईपर्यंत अपग्रेड पुन्हा चालवू नये आणि सर्व्हर रिस्टार्ट करू नये. लिनक्सवर जर्नल (प्रणालीची मध्यवर्ती नोंदवही) डिस्कवर साठवण्याची सोय नसेल, तर ते फक्त मेमरीत राहते आणि रिस्टार्टबरोबर जाते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या १५ व्या आवृत्तीपासून पीजी-अपग्रेड या त्याच्या अपग्रेड साधनाचे लॉग नव्या डेटा फोल्डरच्या आतच तयार होतात. पुन्हा प्रयत्न करताना ते फोल्डर पुसून नव्याने बनवले जाते, आणि अपयशाचे कारण सांगणारा मजकूरही त्यासोबत पुसला जातो.

उबंटू-डेबियन या लिनक्स प्रणालींवर एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या हिस्टरी लॉग आणि टर्म लॉग या दोन्ही फाइली घ्याव्यात. हिस्टरी लॉगमध्ये कोणती पॅकेजे बदलली एवढेच असते. खरी चूक बहुधा टर्म लॉगमध्ये सापडते, कारण पॅकेजच्या स्क्रिप्टने पडद्यावर छापलेले सगळे तिथे उतरते. सोबत डीपीकेजीचा (एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा) लॉग, उबंटूची आवृत्ती बदलली असल्यास डिस्ट-अपग्रेड फोल्डर, आणि डिस्कवरील मोकळी जागा व मोकळे आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंद-जागा) यांची नोंद घ्यावी. बूट विभाग (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरील भाग) जुन्या कर्नलांनी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, भरणे हे अपयशाचे नेहमीचे कारण आहे. विंडोजवर पँथर (Panther) नावाच्या फोल्डरातील सेटअपचे लॉग घ्यावेत. अपग्रेड मागे फिरले असेल तर रोलबॅक फोल्डरही विसरू नये.

वाचताना शेवटच्या ओळीपासून वर जात सर्वांत आधी घडलेली चूक शोधावी. तिच्याखालच्या बहुतेक चुका तिचेच परिणाम असतात. खानापूरकडे पावसाळ्यात वीज गेल्याने इन्स्टॉल अर्धवट राहिले असेल, तर लॉगचा शेवट चुकीच्या संदेशाविना, एखाद्या पॅकेजच्या मध्येच तुटलेला दिसतो. अशा वेळी जर्नलमधील आधीच्या बूटची अखेरची वेळ त्याच्याशी ताडून पाहावी. वेळेचा घोळही ध्यानात ठेवावा: काही सॉफ्टवेअर यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाण) वेळ लिहितात, म्हणून रात्री २२:३० ची घटना तिथे १७:०० वाजता दिसते.

सर्व फाइलींची एकच टार फाइल (एकत्र बांधलेला गठ्ठा) करून तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा आकडा, नोंदवावा. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी. बाहेर पाठवायच्या प्रतीतून पासवर्ड, खाते क्रमांक आणि आधार क्रमांक झाकावेत, पण वेळ आणि एरर कोड कधीही काढू नयेत.

अपग्रेड लॉगमध्ये न दिसणारा एक बिघाड मराठी आणि कन्नड नावे एकत्र साठवणाऱ्या डेटाबेसला भोवू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी (लिनक्समधील मूलभूत सी लायब्ररी) २.२८ ने अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन १० आणि रेड हॅट ८ मध्ये तीच आवृत्ती आहे. जुना डेटा फोल्डर तसाच घेऊन या प्रणालींवर आल्यास अपग्रेड यशस्वी दिसते, पण यादीत असलेला सभासद शोधात सापडत नाही किंवा तेच नाव दोनदा नोंदले जाते. म्हणून आधीची आणि नंतरची जीलिबसी आवृत्ती संकलनात लिहावी, आणि ती बदलली असल्यास मजकुरावरील सर्व इंडेक्स (शोधासाठी डेटाबेसने ठेवलेल्या क्रमवार सूची) रीइंडेक्स करावेत, म्हणजे नव्याने बांधावेत.