बूट रूम

इंग्लंडमधील लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या ॲनफिल्ड मैदानात, मुख्य प्रेक्षागृहाच्या पोटात, ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोळात असलेली खेळाडूंचे बूट ठेवण्याची लहानशी खोली. १९६० च्या दशकापासून क्लबचे प्रशिक्षक या खोलीत रोज बसू लागले. पुढे त्या मंडळींच्या बैठकीला, आणि त्या बैठकीतूनच एकामागून एक व्यवस्थापक निवडण्याच्या क्लबच्या रीतीलाही हेच नाव पडले. मूळ खोली १९९३ मध्ये पाडण्यात आली. शब्द मात्र इंग्रजी फुटबॉलच्या बोलीत रुळला असून, बाहेरचा मोठा माणूस आणण्याऐवजी घरच्याच माणसाला वरच्या जागेवर बसवणे अशा अर्थाने तो इतर क्लबांबाबतही वापरला जातो.

खोलीत पाहण्यासारखे काही नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. भिंतीला खुंट्या व फळ्या आणि त्यांवर बुटांचे जोड; एक जुनाट टेबल, भिंतीवर कॅलेंडरे व वर्तमानपत्रांतून कापलेली छायाचित्रे. खुर्च्या जवळजवळ नव्हत्याच. बिअरच्या बाटल्यांचे रिकामे खोके पालथे घालून मंडळी त्यांवर बसत. हे खोके तिथे कसे आले याचीही गोष्ट सांगितली जाते. गिनेस कंपनीच्या हौशी संघाला प्रशिक्षक जो फेगन यांनी मदत केली आणि तिची परतफेड म्हणून बिअर येऊ लागली. ओल्या चामड्याचा आणि बुटांना लावायच्या तेलाचा वास असलेल्या या जागेत युरोपातल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी एकाची निवड ठरत असे, यावर पुढे पाहुण्यांचा विश्वास बसत नसे.

या बैठकीची सुरुवात डिसेंबर १९५९ मध्ये झालेल्या एका निर्णयात आहे. लिव्हरपूल त्या वेळी इंग्लिश लीगच्या दुसऱ्या पायरीवर, द्वितीय विभागात, अडकलेला होता आणि हडर्सफील्ड टाउन सोडून आलेले बिल शँकली हे नवे व्यवस्थापक होते. नवा व्यवस्थापक आला की आपली माणसे बरोबर आणतो आणि जुन्यांना घरी पाठवतो, हा या व्यवसायाचा तेव्हाही रिवाज होता आणि आजही आहे. शँकली यांनी तो पाळला नाही. तुमच्या नोकऱ्या शाबूत आहेत, मात्र निष्ठा हवी आणि माझ्या कानाशी येऊन एकमेकांच्या चहाड्या करायच्या नाहीत, अशा आशयाची समज त्यांनी असलेल्या प्रशिक्षकांना दिली. अशा रीतीने राहिलेल्यांत तिघे महत्त्वाचे होते. डरहॅम परगण्यातल्या खाणकामगारांच्या गावातून आलेले बॉब पेझली १९३९ पासून क्लबमध्ये होते. खेळणे थांबवल्यावर त्यांनी स्वतः अभ्यास करून दुखापतींवरच्या उपचारांचे ज्ञान मिळवले होते. जो फेगन मूळचे लिव्हरपूल शहराचेच. मँचेस्टर सिटीकडून खेळून ते १९५८ मध्ये येथे रुजू झाले होते. तिसरे रूबेन बेनेट, पूर्वीचे गोलरक्षक, कणखर स्कॉटिश गृहस्थ. खेळाडूंना पळवून दमवणे हे त्यांचे काम. पुढे क्लबचा डावा बचावपटू व कप्तान रॉनी मोरान, शिक्षकी पेशातून आलेले टॉम सॉन्डर्स आणि १९७४ मध्ये पंचविशीतच खेळाडूची कारकीर्द बाजूला ठेवलेले रॉय एव्हान्स या मंडळात दाखल झाले.

शँकली स्वतः मात्र या खोलीत क्वचितच बसत. लोकांच्या मनात त्यांचे आणि बूट रूमचे चित्र इतके एकजीव झाले आहे की ही गोष्ट अनेकांना खोटी वाटते. पण मंडळातल्या माणसांच्या आठवणी याबाबत जुळतात. ते दारातून डोकावत, दोन शब्द बोलत आणि जात. हे अंतर हेतुपुरस्सर होते की स्वभावाचा भाग होता, याचा काथ्याकूट बराच झाला आहे. परिणाम मात्र स्पष्ट दिसतो: साहेब समोर नसल्यामुळे प्रशिक्षकांना एकमेकांचे म्हणणे खोडून काढता येई आणि साहेबांकडे जाताना ते एकमताने जात.

कामाची घडी साधी होती. सकाळी सराव, दुपारी परत आल्यावर बुटांची व्यवस्था, आणि मग चहा घेत दिवसाची उजळणी. खरी बैठक रविवारी सकाळी भरे. शनिवारी सामना झालेला असे. जखमी खेळाडू उपचारासाठी येत आणि ते गेल्यावर मंडळी खोक्यांवर बसून आदल्या दिवशीचा सामना उलगडत. कोणाचे पाय जड झाले आहेत, कोण दुखणे लपवतो आहे, कोणाच्या घरी काही बिनसले आहे, असे विषय निघत. खेळाडूच्या चालण्यावरून त्याची दुखापत ओळखणे ही पेझली यांची खासियत होती. खेळाडूंना या खोलीत मुक्त प्रवेश नव्हता. दार वाजवायचे आणि बाहेर थांबायचे, असा शिरस्ता होता, आणि आत काय बोलणे झाले ते बाहेर फुटत नसे.

संघातून वगळल्याचे दुःख काय असते हे पेझली यांना सांगावे लागले नव्हते. १९५० च्या एफए चषकाच्या उपान्त्य सामन्यात शहरातल्याच एव्हर्टनविरुद्ध त्यांनी गोल केला होता, तरीही आर्सेनलविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांना संघाबाहेर बसवण्यात आले आणि लिव्हरपूल तो सामना २-० असा हरला. पुढे व्यवस्थापक म्हणून एखाद्याला वगळायची वेळ आली की ही आठवण त्यांच्या गाठीशी असे. अर्थात म्हणून त्यांनी कोणाला वगळले नाही असे नाही. भावनेच्या भरात निवड करणाऱ्यांपैकी ते नव्हतेच.

बूट रूमची सर्वांत मोलाची वस्तू बूट नव्हे, तर वह्या. फेगन व त्यांचे सहकारी सरावाची दैनंदिन नोंद ठेवत. कोणते व्यायाम करून घेतले आणि किती वेळ, हवा कशी होती, मैदान ओले होते की कडक, कोण आला नाही, कोणाचा स्नायू दुखावला, असा मजकूर त्यांत असे. एका वर्षाच्या वहीला फारशी किंमत नाही. दहा वर्षांच्या वह्या फळीवर साठल्या म्हणजे त्यांचे स्वरूप बदलते: ओळीने दोन-तीन सामने हातचे गेले किंवा एकाच प्रकारच्या दुखापती वाढल्या, की मागच्या वर्षी याच आठवड्यात आपण काय केले होते हे काढून पाहता येते. संगणकावर आकडे साठवणारे विश्लेषक क्लबांच्या पगारपत्रकावर येण्याच्या कितीतरी आधी ही माणसे शाईने तेच करत होती. फरक एवढाच की नोंद करणारा, ती वाचणारा आणि तिच्यावरून सरावात बदल करणारा हा एकच माणूस असे, त्यामुळे कागदावरच्या ओळीमागचा प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोर असे. बूट रूमविषयी लिहिताना गप्पांचे आणि बिअरचे कौतुक फार होते. हा क्लब दीर्घकाळ एकाच पद्धतीने चालू शकला त्याचे कारण शोधायचे तर वह्यांकडेच वळावे लागते.

सामना संपल्यावर पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकाला व त्याच्या साहाय्यकांना या खोलीत पेयपानाला बोलावण्याची पद्धत होती. आदरातिथ्य खरेच होते, पण निव्वळ आदरातिथ्य नव्हते. नुकताच हरलेला, किंवा क्वचित जिंकलेला, माणूस पेला हातात घेऊन सैलावला की आपल्या संघातला कोणता तरुण पुढे येतो आहे, कोण नाराज आहे, पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याची कोणती बाजू कच्ची आहे, हे बोलून जाई. यजमान फारसे बोलत नसत. गायक एल्टन जॉन वॉटफर्ड क्लबचे अध्यक्ष म्हणून आले असता त्यांनी पिंक जिन मागितली आणि त्यांच्या हाती बिअर ठेवण्यात आली, हा किस्सा मंडळातल्या लोकांनी पुढे रंगवून सांगितला आहे.

सरावाचे तत्त्वही या बैठकीइतकेच अनलंकृत होते: चेंडू जवळच्या मोकळ्या साथीदाराला द्यायचा आणि लगेच नवी जागा धरायची. मेलवूड येथील सराव मैदानावर छोट्या जागेत पाच-पाच जणांचे सामने खेळवले जात; लाकडी फळ्यांनी वेढलेल्या चौकटीत, फळीवर आपटून परत येणारा चेंडू न थांबता मारत राहण्याचा दमछाक करणारा व्यायाम शँकली यांनी आणला होता. खेळाडू कपडे ॲनफिल्डवर बदलत, बसने मेलवूडला जात आणि घामाने भिजलेले पुन्हा बसनेच ॲनफिल्डला येऊन आंघोळ करत. वरवर हा खुळचटपणा वाटतो. परतीच्या प्रवासात शरीर हळूहळू निवते आणि मगच गरम पाणी अंगावर घेतल्याने स्नायू आखडत नाहीत, असा यामागचा विचार होता. शिवाय सगळे एकाच बसमध्ये असल्याने कोण कोणाशेजारी बसत नाही हेही प्रशिक्षकांना दिसे. यशाचे प्रदर्शन वर्ज्य होते. विजेतेपदाची पदके नव्या हंगामाच्या सुरुवातीला पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणली जात आणि गेल्या वर्षीचे संपले, आता कामाला लागा, असे मोरान सुनावत, ही आठवण त्या काळच्या खेळाडूंनी सांगितली आहे.

या रीतीची कसोटी १२ जुलै १९७४ रोजी लागली, कारण त्या दिवशी शँकली यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. क्लबने शोधाशोध न करता पेझली यांना पुढे केले. ते नाखूश होते. शँकली अजून मेलवूडवर सरावाला येत आणि खेळाडू त्यांनाच ‘बॉस’ म्हणत, त्यामुळे आरंभीचे दिवस अवघड गेले. पुढे शँकली यांना येणे थांबवावे, असे सुचवण्याची पाळी क्लबवर आली. हा या परंपरेतला सर्वांत अप्रिय भाग असून तिच्या गौरवगाथांत तो सहसा घाईने उरकला जातो. पेझली यांनी नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदे आणि १९७७, १९७८ व १९८१ असे तीन युरोपियन चषक जिंकले. त्यांच्यानंतर १९८३ मध्ये वयाच्या बासष्टीत फेगन व्यवस्थापक झाले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी लीग, लीग चषक व युरोपियन चषक मिळवले. इंग्लंडमधील एखाद्या क्लबने एका हंगामात तीन मोठी विजेतेपदे मिळवण्याची ती पहिलीच वेळ. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर, लिव्हरपूल व इटलीच्या युव्हेंटस यांच्यातील युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्याआधी झालेल्या दुर्घटनेत ३९ जणांचा मृत्यू झाला. फेगन निवृत्त होणार हे त्याआधीच ठरले होते, तरी त्यांच्या कारकिर्दीचा शेवट त्या रात्रीशी कायमचा जोडला गेला. नंतरचे केनी डाल्ग्लिश हे खेळाडू-व्यवस्थापक प्रशिक्षकांच्या मंडळातून आलेले नव्हते; मात्र मोरान व एव्हान्स जागेवर होते आणि पेझली सल्लागार म्हणून पाठीशी होते. १९७३ ते १९९० या काळात लिव्हरपूलने अकरा वेळा लीग जिंकली.

डाल्ग्लिश यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये राजीनामा दिल्यावर मोरान यांनी काही काळ सूत्रे सांभाळली आणि एप्रिलमध्ये माजी कप्तान ग्रॅम सूनेस आले. त्यांनी कपडे बदलणे व आंघोळ मेलवूडवरच सुरू केली, आहार बदलला, जुने खेळाडू भराभर विकले. १९९३ मध्ये पत्रकार परिषदांच्या दालनासाठी जागा करताना बूट रूम पाडली गेली आणि लिव्हरपूलच्या घसरणीचा दोष त्या पाडकामावर टाकण्याची सोय झाली. हा निवाडा फार भाबडा आहे. मुख्य फळीतले खेळाडू वयस्क झाले होते आणि त्यांच्या तोलाचे नवे मिळाले नव्हते. हायसेलनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपीय स्पर्धांत घातलेल्या बंदीतून क्लब १९९१-९२ मध्ये युरोपात परतला, तेव्हा परदेशी खेळाडूंवरील नव्या मर्यादेत स्कॉटिश, वेल्श व आयरिश खेळाडूही मोजले जात होते. लिव्हरपूलचे अनेक प्रेक्षक चेंगरून मरण पावले त्या एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरील दुर्घटनेने क्लबमधली माणसे आतून थकली होती. डाल्ग्लिश यांच्या जाण्यामागेही तो ताण होताच. उलट, खोली शाबूत होती त्या काळातही वर्षानुवर्षे एकाच विचाराची माणसे एकत्र बसल्याने बाहेर बदलत चाललेले व्यायामशास्त्र व आहारशास्त्र आत यायला उशीर झाला, हेही नोंदवायला हवे. जी सवय स्मृती जपते तीच कधी कधी दारही लावून घेते.

जानेवारी १९९४ मध्ये, खोली नसताना, तिथल्याच रॉय एव्हान्स यांची व्यवस्थापकपदी नेमणूक झाली आणि पुढच्या वर्षी संघाने लीग चषक जिंकला. १९९८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सचे जेरार उलिये यांना एव्हान्स यांच्या जोडीला संयुक्त व्यवस्थापक नेमण्यात आले. ही दुहेरी व्यवस्था काही महिन्यांतच मोडली आणि नोव्हेंबरमध्ये एव्हान्स क्लब सोडून गेले. त्याच वर्षी रॉनी मोरानही निवृत्त झाले होते. शाळकरी वयात, १९४९ मध्ये, ते क्लबमध्ये आले होते.