कित्ता आणि उघडे दार

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तरुण संघाची सभा असली की बायबलमधले एक वचन हमखास निघते. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेले: कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये, भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास व शुद्धता यांविषयी विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो. पाळकसाहेब ते वाचून दाखवतात, शब्बाथ शाळेतली, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गातली, पोरे तुमच्याकडे बघत असतात असे बजावतात, आणि मुले माना डोलावतात. 'कित्ता' या शब्दापाशी मात्र कुणी थांबत नाही. आताच्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी कित्ता पाहिलेलाही नसतो.

शब्द मुळात अरबी. 'कितआ' म्हणजे तुकडा. फारसी सुलेखनात नमुन्याच्या लिखाणालाही तेच नाव. आपल्याकडे तो शाळेत स्थिरावला: वर गुरुजींची वळणदार ओळ, खाली मुलाने गिरवायच्या ओळी. गंमत अशी की बायबलमधल्याच पेत्राच्या पहिल्या पत्रात, 'ख्रिस्ताने तुमच्याकरता कित्ता घालून दिला आहे' या वाक्यात, मूळ ग्रीक शब्दही शाळेतलाच आहे. 'हुपोग्राम्मोस', म्हणजे मुलांनी गिरवण्यासाठी शिक्षकाने काढून दिलेली अक्षरे. अख्ख्या नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. तीमथ्याच्या पत्रातला शब्द वेगळा, 'तुपोस', ठसा या अर्थाचा. मराठीत तिथेही कित्ताच आला. भाषांतर करणाऱ्यांना इतका नेमका शब्द क्वचित सापडत असेल.

पेत्र हे कोणाला सांगतो आहे तेही पाहण्यासारखे आहे. पुढाऱ्यांना नव्हे, घरच्या दासांना. काही चुकले नसताना मार खाणाऱ्या माणसांना. आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेल्या या लहान मंडळ्यांवर शेजारीपाजारी संशय घेत. धन्याच्या घरात दासाने प्रवचन देण्याची सोय नव्हती. बोलायला तोंड नाही, तेव्हा वागणे हीच भाषा. त्याच पत्रात पुढे विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना सांगितले आहे की त्यांना वचनावाचून, वागणुकीने जिंकावे. वडिलांची, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांची, पाळी येते ती पाचव्या अध्यायात: धनीपण गाजवू नका, कळपाला कित्ते व्हा. म्हणजे कित्ता आधी खालच्या माणसाकडे गेला, मग वरच्याकडे. आपल्या सभांतून नेमका हा क्रम हरवतो आणि 'आदर्श' म्हणून परीक्षेत पहिला आलेला, देवालयात गिटार वाजवणारा मुलगा पुढे उभा केला जातो.

पौलाची भर वेगळी होती. ग्रीसमधल्या करिंथच्या बाजारात मूर्तीला वाहिलेले मांस विकायला येई. ते खाल्ल्याने काही बिघडत नाही, असे त्याचे स्वतःचे मत होते. पण दुबळ्या विश्वासाचा भाऊ ते पाहून अडखळत असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही, असे त्याने लिहिले. 'अडखळण' हा आपल्या मंडळ्यांतला परवलीचा शब्द तिथला आहे. गणपतीत शेजारच्या काकूंनी आणून दिलेला मोदक खायचा की नाही, हा वाद पुण्यातल्या ख्रिस्ती घरांत भाद्रपदात निघतो, तोही करिंथहूनच आलेला. (आमच्या घरी मोदक आधी संपतो, वाद नंतर होतो.)

पुण्याला मात्र या विषयाचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो बराच तिखट आहे. कोण कोणाकडे पाहून काय करतो यावर या शहराची करडी नजर असे. 1890च्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये ब्राह्मण नामवंतांनी चहा घेतला, नावे छापली गेली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले. त्यात टिळक होते, रानडे होते, गोखले होते. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांच्या मागून चालणारे सुधारक हिरमुसले. एका पेल्याची ही कथा. 1885मध्ये बांधलेले पवित्र नाम देवालय गुरुवार पेठेत त्याच आवारात उभे आहे.

त्याच सुमारास, 1890च्या अखेरीस, पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्याला आणले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883मध्ये इंग्लंडात झालेला. सदन 11 मार्च 1889ला सुरू झाले ते विधवांना शिकवण्यासाठी, अमेरिकेत जमवलेल्या मदतीवर, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे या अटीवर. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर होते. रमाबाईंनी अट पाळली. वर्गात बायबल शिकवले नाही. फक्त पहाटे मुलगी मनोरमाला घेऊन त्या आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि दार लावून घेत नसत. एकेक मुलगी येऊन बसू लागली.

1893मध्ये स्फोट झाला. 'केसरी'ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार ही साक्ष की आमिष? टीकाकारांचा प्रश्न मला फुकाचा वाटत नाही. सदनात राहणाऱ्या बालविधवेचे पोट, छप्पर, अक्षरे, सगळे रमाबाईंच्या हाती. अशा मुलीने आपखुशीने येऊन बसणे म्हणजे नेमके काय, हे त्या मुलीलाही सांगता आले नसते. दुसरीकडे, आपल्याच खोलीत प्रार्थना करणाऱ्या आईने मुलींना बघून दार ओढून घ्यायचे, म्हणजे कशाचा कित्ता घालायचा? रमाबाईंनी दार लावले नाही. पुढे दुष्काळाच्या वर्षांत केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, ते उघडपणे ख्रिस्ती म्हणून.

या गोष्टीतले एक पात्र आपल्या मंडळ्यांत फारसे आठवले जात नाही. शारदा सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची विधवा होती. तिने बाप्तिस्मा घेतला नाही. 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे सदनाला बरोबर चार वर्षे होतात त्याच तारखेला, धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. 1896मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो नंतर हिंगण्याला गेला. पुढे त्या कामासाठी दारोदार वर्गणी मागत फिरणाऱ्या बाया कर्वे त्या याच.