एमसीबी असूनही शॉक का बसतो?

पावसाळ्यात गीझरच्या किंवा पाण्याच्या मोटारीच्या शॉकने कोणी दगावल्याची बातमी आली, की ‘आमच्याकडे एमसीबी आहेत, काळजी नाही’ असे हमखास ऐकू येते. हा समज चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा खटका, हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला, की ती तापून वाकते आणि खटका सोडते. शॉर्टसर्किट झाल्यास तेवढी उसंत नसते, तेव्हा आतले वेटोळे विद्युतचुंबक बनून तोच खटका क्षणार्धात पाडते. तार तापून तिचे वेष्टण पेटू नये, यासाठी ही सारी योजना. मोटारगाडीतल्या फ्यूजचे कामही हेच आहे. तिथल्या 12 व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण शॉर्ट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते आणि तार लालभडक होते. म्हणून वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज बसवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

आता माणसाचा हिशेब पाहू. ओल्या शरीराचा रोध 1500 ओहम धरला, तर 230 व्होल्टला सुमारे 150 मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जमिनीत जाईल. हृदयाचा ताल बिघडायला तेवढा पुरेसा आहे. पण 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो शंभर पटींनी कमी असल्यामुळे खटका जागचा हलणार नाही. ‘वीज माणसाला ओढून धरते’ ही समजूतही खरी नाही. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात, मूठ आपोआप आवळली जाते आणि हात सोडवता येत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी ही मर्यादा स्वयंसेवकांवर मोजली आणि 1961 साली जमिनीत जाणारी प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारे उपकरणही तयार केले.

आपल्याकडे हे काम आरसीसीबी नावाचा खटका करतो. अनेक वायरमन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. प्रवाह किती आहे हे तो पाहत नाही, फक्त गेलेला आणि परत आलेला प्रवाह जुळतो का, एवढेच पाहतो. फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन्ही तारा बांगडीच्या आकाराच्या एका चुंबकीय गाभ्यातून एकत्र नेलेल्या असतात. त्यांतले प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असल्यामुळे त्यांची चुंबकक्षेत्रे एकमेकांना रद्द करतात, मग गीझर 10 अँपिअर घेत असो वा एखादा दिवा त्याच्या शतांश. मात्र 30 मिलिअँपिअर जरी शरीरावाटे जमिनीत गेले, तरी परतीचा प्रवाह तेवढा कमी पडतो, गाभ्यात बदलते चुंबकक्षेत्र उरते आणि त्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात फॅराडेच्या नियमानुसार क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. एवढ्याशा प्रवाहाने जाड संपर्क उघडणार कसे? मला या यंत्राचा हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. आत एक लोखंडी पट्टी स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध कायमच्या चुंबकाने धरून ठेवलेली असते. क्षीण प्रवाह तिला ओढत नाही. तो त्या चुंबकाची पकड फक्त सैल करतो. पुढचे काम आपण खटका वर करताना स्प्रिंगमध्ये साठवलेली ऊर्जा करते. 150 मिलिअँपिअर गळतीला हे सारे 40 मिलिसेकंदांत, म्हणजे प्रवाहाच्या दोन आवर्तनांत, उरकावे लागते.

सॉकेटमध्ये खोचायच्या ज्या ‘वीजबचत’ डब्या शॉकपासूनही संरक्षण देण्याचा दावा करतात, त्यांना ही वजाबाकी करणे शक्यच नाही, कारण घराचा प्रवाह त्यांच्यातून जातच नाही. आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. जमिनीशी संपर्क नसताना एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर जाणारा आणि येणारा प्रवाह समान राहतो आणि तो पडत नाही. जादा भारापासूनही तो वाचवत नाही, म्हणून एमसीबी लागतोच.

इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असेल, तर गळती नसतानाही प्रवाह जुळत नाही आणि आरसीसीबी सारखा पडत राहतो. अशा वेळी काही जण तो बायपास करून घेतात. वास्तविक न्यूट्रल वेगळे करून घेणे हाच उपाय आहे. आरसीसीबीवरचे ‘टी’ (टेस्ट) बटण दाबले, की एका रोधकातून थोडा प्रवाह गाभ्याला वळसा घालून जातो आणि कृत्रिम गळती निर्माण होते. महिन्यातून एकदा ते दाबावे, आणि वीज चालू असूनही खटका पडला नाही, तर आरसीसीबी त्याच दिवशी बदलून घ्यावा.